सहा लंगोट

नांदगाव रेल्वेच्या वाटेवरचे गाव. रात्री मनमाडकडे जाणारी गाडी धडधडत गेली, तरी आमच्या घरात कुणाची कूस बदलत नाही. पण परवा बाळाने नुसती कुरकुर केली, तरी सारे घर उठून बसे. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तेराव्या दिवशी संध्याकाळी बाळ रडू लागले, ते थांबेचना. शेजारच्या वहिनींनी निदान केले, "दूध पुरत नाही हो हिचं. वरचं सुरू करा." लेकीचे डोळे भरून आले. मी मुकाट्याने पिशवी उचलली आणि दुकान गाठले.

डबा हातात घेतला आणि १९९० साल आठवले. तेव्हा हीच लेक अशी रडत होती आणि मी असाच डबा आणला होता. बाटलीने पोट भरले, की ती अंगावर पीत नसे. पिणे कमी झाले, तसे दूधही कमी झाले. दोन महिन्यांत "दूध आटलं" म्हणून मी कपाळाला हात लावला. ते मीच आटवले होते, हे फार उशिरा कळले! १९९२ च्या कायद्याने डब्यावर बाळाचे चित्र छापायला बंदी केली. आईचे दूधच उत्तम, असे मात्र छापावे लागते. ते मी दोनदा वाचले आणि डबा परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई आल्या. बाजारात वांगी तोलावीत तसे त्यांनी बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवले. जन्मताना २८०० ग्रॅम, सातव्या दिवशी २६५०, आज २८४०.

"काकू, पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. दोन आठवड्यांत ते भरून आलं, पुढे रोज वीस-तीस ग्रॅम वाढलं, की दूध पुरतंय. रडण्यावरून पोट मोजू नका, लंगोट मोजा. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजायचं आणि सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत."

"आणि नाही झाले तर?" लेकीने विचारले.

"लंगोट कोरडे राहिले, बाळ पेंगुळलेलं दिसलं, वजन हललं नाही, तर लगेच डॉक्टरांकडे. शेजारी विचारत बसायचं नाही."

लेकीने दोरीकडे पाहिले. कालचे आठ लंगोट वाळत होते. दोन आठवड्यांत ती प्रथमच हसली.

संध्याकाळी बाळाने पुन्हा सूर लावला. वहिनी खिडकीत आल्याच. मी काही बोलले नाही. नुसते दोरीकडे बोट दाखवले.