कीर्तन आणि यांत्रिक लेखनिक

ज्ञानेश्वरांच्या मुखातून निघालेली ओवी सच्चिदानंदबाबा उतरवून घेत, असे परंपरा सांगते. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा ही रीत आपल्याकडे जुनीच. आता लिहिणाऱ्याच्या जागी यंत्र येऊन बसले आहे. ते कितपत विश्वासू आहे, हे पाहण्याचा योग मला आला तो आमच्या अंत्रूज महालातील एका देवळातल्या कीर्तनांच्या सतरा कॅसेटींमुळे. कीर्तनकारबुवा हयात नाहीत, फितीही जीर्ण झालेल्या. आणि तासाभराचे बोलणे हाताने उतरवावयास चार-पाच तास सहज मोडतात.

कॅसेटींतील ध्वनी प्रथम संगणकात भरून घेतला. मग ‘व्हिस्पर’ला हाताशी धरले. ओपनएआय या संस्थेने २०२२ साली ही प्रणाली सर्वांस विनामूल्य खुली केली. ती घरच्या संगणकावर इंटरनेटवाचूनही चालते, म्हणून देवळाचे ध्वनिमुद्रण परक्या हाती द्यावे लागत नाही. पूर्वरंगातील संथ निरूपण तिने बरेचसे नीट लिहिले. उत्तररंगात झांज आणि पेटी सुरू झाली, की मात्र तिची त्रेधा उडे. आणि मधल्या शांततेत तर कोणीच न उच्चारलेली वाक्ये ती खुशाल लिहून मोकळी होई! ‘ऐकू आले नाही’ असे म्हणणे तिच्या स्वभावात नाही.

पण खरा पेच निराळाच होता. बुवांचे कीर्तन मराठीत चाले, परंतु श्रोत्यांकडे वळून ते बोलत ते कोंकणीत. आणि व्हिस्परच्या भाषांच्या यादीत कोंकणी नाही. बुवा विचारतात, ‘तुमकां कितें दिसता?’ म्हणजे, तुम्हांला काय वाटते? कागदावर आले, ‘तुम्हाला किती दिसतं?’ वाक्य शुद्ध, अर्थ भलताच. कोरी जागा निदान डोळ्यांत भरते. हे असले वाक्य कोणाच्या ध्यानी यावे?

मद्रासच्या आयआयटीतील ‘एआय-फोर-भारत’ या केंद्राचे ‘इंडिककन्फॉर्मर’ आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषा जाणते. १९९२ साली त्या अनुसूचीत आलेली कोंकणीही त्यांत आहे. कोंकणी तुकडे वेगळे कापून त्याला दिले, तेव्हा ‘कितें’चे ‘कितें’च राहिले. मात्र भाषा कोणती, हे त्याला आधी सांगावे लागते. एकाच श्वासात दोन भाषा बोलणाऱ्या बुवांचे वाक्य नेमके कोठे कापावयाचे, हे ठरविणार माणूसच.

त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडले ते स्वतः एक अक्षरही न लिहिणारे साधन. नेदरलँड्समधील मॅक्स प्लांक भाषामानसशास्त्र संस्थेच्या ‘एलॅन’मध्ये ध्वनीच्या प्रत्येक तुकड्याखाली त्याचा मजकूर बसविता येतो, मराठीची ओळ निराळी, कोंकणीची निराळी. शंका आली, की तेवढाच तुकडा पुन्हा ऐकावा. हे काम मी मावशीला शेजारी बसवून करतो. तिने बुवांना समोर बसून ऐकले आहे.

सहा कॅसेटी पुऱ्या झाल्या. सातवीत बुवांनी झांजेच्या गजरात एक कोंकणी म्हण टाकली आहे. श्रोते खळखळून हसतात, मावशीही हसली. पण म्हणीचे शब्द तिलाही लागले नाहीत. वेळेची नोंद करून तेवढी जागा कोरी ठेवली आहे.