लुधियान्यात शिलाईचं मशीन बघताना

मुंबईहून पश्चिम एक्स्प्रेसनं निघालं की दुसऱ्या दिवशी लुधियाना येतं. लोदी घराण्यावरून नाव पडलेलं हे गाव लोकरीच्या स्वेटरांसाठी आणि सायकलींसाठी प्रसिद्ध. पण देशभर जाणाऱ्या कितीतरी शिलाई मशीनांचंही हे माहेर आहे! अमृतसरच्या वाटेवर आम्ही मुद्दाम इथं उतरलो. धाकट्या जाऊबाईंना शिवण नव्यानं शिकायचं होतं, पुढंमागं ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवायचे होते. भिशीचे पैसे एकदाच हाती येणार, तेव्हा निवड चुकून चालणार नव्हतं.

घंटाघरापासून चौड्या बाजारात शिरलं की माणसांची, सायकल-रिक्षांची नुसती गर्दी. बाजार पालथा घालून आम्ही मशीनच्या दुकानात पोचलो. ओळीनं काळी, सोनेरी वेलबुट्टीची मशीनं मांडलेली. हेड वेगळं, स्टँड वेगळा. जाऊबाईंचं लक्ष मात्र नक्षीटाक्याच्या विजेच्या मशीनवर!

दुकानदार सरदारजी अनुभवी. म्हणाले, "बहनजी, पहले सीधी सिलाई." त्यांनी समजावलं ते असं : हातमशीन हलकं, कुठंही ठेवता येतं, पण एक हात चाकावर अडकतो. पायमशीनला जागा लागते, पण दोन्ही हात कापडाला मोकळे राहतात आणि वीज गेली तरी काम अडत नाही. मोटरचं मशीन वेगानं पळतं, नवख्या हाताला ते आवरायला वेळ लागतो. पिको-फॉल करायचा असेल तर झिगझॅग लागेल, पण ती पुढची पायरी.

मशीन पारखायचं कसं? आपल्या घरचंच कापड न्यावं. वर लाल दोरा, बॉबिनला पांढरा घालून सुती कापडाच्या दोन घड्या, मग चार घड्या शिवून पाहाव्यात. लाल दोरा खाली डोकावला तर वरचा ताण सैल आहे, तो नीट करून पुन्हा शिवावं. टाके सारखे पडतात का, कापड सरळ सरकतं का, चाक खडखडतं का, हे पाहावं. उलटा टाका घेण्याची सोय असेल तर शिवणीची टोकं पक्की होतात.

शेवटी सरदारजींनी विचारलं, "आपके यहाँ मिस्त्री है?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खरंच, एवढं जड हेड गाडीतून न्यायचं आणि बिघडलं तर दाखवायचं कुणाला? आम्ही फक्त बॉबिनं आणि १४ व १६ नंबरच्या सुया घेतल्या. तसंच साधं काळं पायमशीन जाऊबाईंनी आपल्या गावच्या दुकानातून घेतलं. दुरुस्तीवाला दोन गल्ल्यांवर!

मशीन घरी आलं की लगेच नवं कापड घेऊ नका. आठवडाभर दोरा न ओवता, रेघा मारलेल्या कागदावर पाय चालवा. चाक उलटं फिरेनासं झालं, सुई रेघेवरून हलेनाशी झाली, की मग उशीचा अभ्रा शिवायला घ्या.