मी नापास झाले, ते बरोबरच होतं

"निकाल लागला का गं?" असं आईने मिरजेहून विचारलं, तेव्हा निकाल लागून चार तास झाले होते. मी म्हणाले, "अजून नाही, इकडे वेळ लागतो." वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी आईशी खोटं बोलले. दहावी, बारावी, बी.एस्सी. नर्सिंग, मग अमेरिकेतली नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा, माझ्या प्रत्येक निकालाला आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. या वेळचे पेढेही आईने मनात धरलेले असणार. आणि मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या परीक्षेत बत्तीस गुणांनी नापास झाले होते.

ही परीक्षा काय असते ते आधी सांगते, कारण आपल्याकडे हा शब्द अजून फारसा ओळखीचा नाही. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाला स्वतः तपासते, निदान करते, औषध लिहून देते. त्यासाठी नोंदणीकृत नर्सने पुढे किमान मास्टर्सचं शिक्षण घ्यायचं, शेकडो तास क्लिनिकमध्ये अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली काम करायचं आणि मग राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणन परीक्षा द्यायची. कुटुंब-आरोग्याच्या शाखेसाठी मुख्यतः दोन मंडळं या परीक्षा घेतात. मी जी दिली तिच्यात १५० प्रश्न आणि तीन तास असतात. त्यातले १३५ प्रश्न गुणांचे. उरलेले १५ पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघायचे, पण ते कुठले हे परीक्षार्थीला कळत नाही. गुण २०० ते ८०० या पट्टीवर देतात आणि पास व्हायला ५०० लागतात. मला ४६८ मिळाले.

पहिले तीन आठवडे मी जे जे मनाशी म्हटलं ते सगळं इथे लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, हे प्रश्न खोलीत बसून रचलेले, खऱ्या रुग्णाशी त्यांचा संबंध नाही. मी म्हटलं, सोळा वर्षं आयसीयूत काढलीत, व्हेंटिलेटरवरच्या माणसांना रात्र-रात्र सांभाळलंय, कोव्हिडच्या लाटा अंगावर घेतल्यात. माझी परीक्षा रोज होते, या कागदी परीक्षेला मला मोजण्याचा काय अधिकार? त्या पंधरा न मोजल्या जाणाऱ्या प्रश्नांवरही मी खापर फोडलं. नेमके तेच मला आले असतील, असा हिशोब मांडला. केरळची एक मैत्रीण माझ्याच युनिटमध्ये आहे. ती म्हणाली, दुसऱ्या मंडळाची दे, तिथे १७५ प्रश्न असतात, वेगळ्या धाटणीचे, तुला जमेल. मी तो अर्ज अर्धा भरलाही.

त्या अर्जापाशी थांबले ती एका साध्या नियमामुळे. पहिल्याच मंडळाकडे परत बसायचं तर ज्या भागात कच्चे आहात, त्या भागात पंधरा तासांचं शिक्षण पूर्ण करून त्याचा पुरावा द्यावा लागतो. वर्षभरात तिथे दोनदाच बसता येतं. पुरावा द्यायचा तर आधी कच्चा भाग कुठला ते बघायला हवं, आणि माझा अहवाल मी तोवर उघडलाच नव्हता. एका रात्री ड्युटीवरून आल्यावर उघडला. रुग्णाची तपासणी, निदान, उपचाराची योजना, परिणामाचं मूल्यमापन असे चार भाग. मूल्यमापनात मी चांगली होते. निदानात सगळ्यात खाली.

मला आधी रागच आला. मग मी सरावाचे जुने प्रश्न काढले आणि चुकलेल्या उत्तरांसमोर वहीत एकच गोष्ट लिहायला घेतली: मी नेमकं काय निवडलं होतं. दोन पानं भरल्यावर मला पुढचं लिहवेना. कुणाचं डोकं दुखतंय, मी स्कॅन निवडला. कुणाला धाप लागते, मी इमर्जन्सीत पाठवलं. कुणी थकून गेलंय, मी तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. समोर बसलेल्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारावा, असं मला जवळपास कुठेच वाटलं नव्हतं.

यात आयसीयूचा दोष नाही. तिथे रुग्ण येतो तोच आजाराचं नाव घेऊन. हँडओव्हरमध्ये पहिलं वाक्यच ते असतं: बेड सात, सेप्सिस; बेड आठ, हार्ट फेल्युअर. नाव ठरलेलं असतं, आपण राखण करायची. रक्तदाब ढळला की पाच मिनिटांत कळलं पाहिजे, लघवी कमी झाली की डॉक्टरांना फोन गेला पाहिजे. ते काम मी उत्तम करते आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पण क्लिनिकमध्ये माणूस नाव घेऊन येत नाही. तो म्हणतो, "बरं वाटत नाही." तिथून नावापर्यंत चालत जायचं असतं, आणि ती वाट मी सोळा वर्षांत कधी तुडवलीच नव्हती.

हे मला ज्या प्रश्नाने पटवलं तो सरावाच्या पुस्तकातला अगदी सोपा प्रश्न होता. साठीची बाई, दोन महिन्यांपासून कोरडा खोकला, ताप नाही, छाती स्वच्छ, रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल घेते. पुढे काय कराल? मी छातीचा एक्स-रे निवडला होता. योग्य उत्तर होतं, गोळी बदला. लिसिनोप्रिल ज्या गटातलं आहे, त्या एसीई इनहिबिटर औषधांनी काही जणांना असा कोरडा, सतावणारा खोकला येतो. त्याऐवजी लोसार्टानसारखं दुसऱ्या गटातलं औषध देतात.

आता ही गोष्ट मला माहीत नव्हती का? होती. लिसिनोप्रिल मी हजारो वेळा दिलं असेल. देण्याआधी रक्तदाब बघते, पोटॅशियम बघते, क्रिएटिनिन बघते. दुष्परिणाम विचारले असते तर झोपेतही ‘कोरडा खोकला’ म्हणाले असते. मला गोळीपासून खोकल्यापर्यंत जाता येत होतं. खोकल्यापासून गोळीपर्यंत येता येत नव्हतं. नर्स म्हणून पहिली वाट पुरते. औषध लिहून देणाऱ्याला दुसरी वाट आली नाही, तर समोरच्या माणसाचं नुकसान होतं.

आणि ते नुकसान माझ्याच घरात चाललं होतं. उत्तर वाचताना मला आईचा खोकला ऐकू आला. चार-पाच महिने ती फोनवर बोलता बोलता खोकायची. मी तिला ज्येष्ठमध चघळायला सांगितलं होतं, हळद-दूध सांगितलं होतं, शेजारी जाळतात तो कचरा बंद करायला सांगा म्हटलं होतं. आयसीयूतली लेक. तिने एकदाही विचारलं नव्हतं, की बीपीची गोळी कुठली घेतेस?

मी लगेच फोन लावला. आईने चष्मा शोधला, मग गोळ्यांची पट्टी शोधली, आणि पट्टीमागची बारीक अक्षरं एकेक करून वाचली. "रा... मि... प्रि... ल." त्याच गटातली. मी म्हटलं, "आपल्या मनाने बंद करू नकोस, पण उद्याच डॉक्टरांना दाखव आणि खोकल्याचं सांग." आई म्हणाली, "तुला आज कसं सुचलं हे?"

"अभ्यास करत होते."

"अभ्यास? परीक्षा झाली ना तुझी?"

तिथे मला खरं सांगावं लागलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, "कितीने गेली?" मी म्हटलं, बत्तीस. "मग परत दे," ती म्हणाली आणि खोकली. डॉक्टरांनी तिला टेल्मिसार्टान सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात तिच्या फोनवर मला खोकला ऐकू आला नाही.

त्या दिवसापासून माझं मत बदललं असं म्हणते, पण खरं तर मत बदलायला आणखी एक माणूस लागलं, माझी मावशी. ती जत तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम होती, आता निवृत्त झाली. लहानपणी मे महिन्यात मी तिच्याकडे जायचे. दुष्काळी भाग. उन्हातानात चालत आलेल्या बाया उपकेंद्राच्या ओट्यावर टेकायच्या आणि मावशी बोलता बोलता अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढून बघायची. पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसली की चौकशी सुरू. जेवतेस काय, कितवं मूल, पाळीत किती दिवस जातं, गोळ्या दिल्या होत्या त्या खाल्ल्यास की नवऱ्याने फेकल्या? मला ते काम लहान वाटायचं. सुया टोचणं आणि लोहाच्या गोळ्या वाटणं. नंतर अमेरिकेतून फोनवर मी तिला एकदा म्हणालेही होते, "आमची यंत्रं तुला नाही कळायची, मावशी." ती काही बोलली नव्हती. ते वाक्य मला आज परत घेता आलं तर घेईन.

कारण सरावात मला अडतीस वर्षांची बाई आली. थकवा, हिमोग्लोबिन ९.८, तांबड्या पेशी लहान, एमसीव्ही ७२. मी रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. उत्तर होतं, आधी फेरिटिन तपासा. फेरिटिन कमी असेल तर लोहाची कमतरता. ते नेहमीसारखं असेल आणि पेशी मात्र लहान, तर थॅलेसेमियाच्या वाहकपणाचा विचार करा. मी मावशीला फोन लावला आणि आकडे न सांगता नुसती बाई सांगितली. मावशी म्हणाली, "तिची पाळी इच्चारलीस का?" प्रश्नाच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की पाळीत खूप जातं. मी ती ओळ ओलांडून थेट आकड्यांवर गेले होते.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी मावशीसोबत अभ्यास करते. इथे रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेसात, तिचा चहा झालेला असतो. मी एक तक्रार सांगते: खोकला, थकवा, पाठदुखी, पोरगं कान ओढतंय. ती विचारायची ते विचारते. मग मी सांगते की यात काय चुकवून चालणार नाही, सर्रास काय आढळतं, पहिलं पाऊल कुठलं. मराठीत सांगावं लागतं म्हणून पाठ केलेली वाक्यं तिथे चालतच नाहीत. कळलं नसेल तर शब्द सुचत नाही आणि लगेच उघडं पडतं. तीन हजार प्रश्न मी पहिल्या वेळी मोबाइलवर सोडवले होते, तेव्हा हे एकदाही उघडं पडलं नव्हतं. आणि मावशीलाही सगळं येतं असं नाही. साठीच्या पुरुषाला तोच थकवा आणि तीच लोहाची कमतरता असेल, तर गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही, आतड्यात कुठे रक्त जातंय का, गाठ आहे का ते शोधायचं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडं बाप्ये यायचेच न्हाईत गं."

एक नाव मी पहिल्या वेळी नुसतं पाठ केलं होतं: लोरेटा फोर्ड. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत त्यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. १०४ वर्षांचं आयुष्य जगून त्या जानेवारी २०२५ मध्ये गेल्या. त्या आयसीयूतल्या नव्हत्या. कोलोरॅडोतल्या गावांमध्ये फिरणाऱ्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका होत्या, आणि डॉक्टर पोचत नाहीत तिथल्या मुलांना कोण बघणार, या काळजीतून हे काम उभं राहिलं. म्हणजे मी ज्या दारातून आत जायला बघतेय, ते दार मावशीसारख्या बायकांनी बांधलंय. मी त्या दारापाशी मॉनिटरवरच्या आकड्यांची ऐट घेऊन गेले होते.

म्हणून मी आता स्पष्ट म्हणते, मला नापास केलं ते बरोबर केलं. मी पास झाले असते तर एखाद्या क्लिनिकमध्ये आईसारखीच कुणी बाई खोकत बसली असती आणि मी तिला एक्स-रेला पाठवलं असतं. बिल तिने भरलं असतं आणि खोकला तसाच राहिला असता. ही परीक्षा सगळं मोजते असं मी म्हणत नाही. धीर मोजत नाही, हात मोजत नाही, मरणाऱ्या माणसाजवळ बसता येतं का ते मोजत नाही. पण जे मोजते ते माझ्यात कमी होतं.

माझ्यासारख्या आयसीयूतून या परीक्षेकडे वळलेल्या मराठी परिचारिका इथे आहेत, काही माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांतल्या दोघी नापास झाल्यावर गप्प झाल्या, त्यांनी पुस्तकं माळ्यावर टाकली. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: तो अहवाल उघडा आणि सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. आणि घरी सांगा.

माझी पंधरा तासांची प्रमाणपत्रं मंडळाने स्वीकारली आहेत. परीक्षा पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला, सकाळी आठ वाजता आहे. ही तारीख आईला माहीत आहे, मावशीला माहीत आहे आणि माझ्या युनिटमधल्या सगळ्यांना माहीत आहे.