किल्लारीचा सप्टेंबर

आमच्या किल्लारीत सप्टेंबर दोन तारखांचा. 17 ला झेंडा, 30 ला दिवे.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली आणि आम्ही भारतात आलो. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव निजलेलं असताना, पहाटे चारच्या सुमारास भूकंपात माळवदं खाली आली. उन्हाळाभर गारवा देणाऱ्या त्या दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं पुरली.

21 सप्टेंबर 1999 ला रेडिओवर तैवानच्या भूकंपाची बातमी लागली. दोन हजारांवर माणसं गेली होती. आज्जीने एवढंच विचारलं, "तितंबी रातचंच आलं का?"

रातचंच आलं होतं.

पुढे वाचलं ते अजून टोचतं. चीन तैवानला आपला प्रांत म्हणतो. बाहेरची मदत आपल्या परवानगीने, आपल्या हातून जावी असा हट्ट बीजिंगने धरला, अशी तैवान सरकारची तक्रार होती. रशियाच्या बचाव पथकाचं विमान चीनच्या आकाशातून येऊ दिलं नाही, ते वळसा घालून पोचलं, हीसुद्धा. ढिगाऱ्याखाली तास कसा जातो, हे किल्लारीला सांगायला नको.

पण 'विलीनीकरण' हा तर आमच्याकडे अभिमानाचा शब्द. मग बीजिंगच्या 'एकीकरणा'चा राग मी कोणत्या तोंडाने करू? आजोबांना विचारलं. निजामाच्या काळातली रझाकारी पाहिलेला माणूस. म्हणाले, "तितल्या लोकायला इचारलं का कुनी?"

खरंय. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे इथली माणसं निजामाच्या तुरुंगात गेली ती भारतात येण्यासाठी. तैवानची माणसं 1996 पासून आपला अध्यक्ष थेट मतदानाने निवडतात, आणि बीजिंगच्या कम्युनिस्ट सरकारने त्या बेटावर एक दिवसही राज्य केलेलं नाही.

तरी आजोबांचं उत्तर मला पुरत नाही. भारतीय फौजेच्या पोलीस ॲक्शननंतर आमच्याच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मुसलमानांवर काय गुदरलं, ते सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेवलंय. त्यांना कुणी विचारलं होतं? 17 तारखेच्या भाषणांत मी ते कधी ऐकलं नाही.

तैवानच्या भूकंपानंतर दहाव्या दिवशी, 1 ऑक्टोबर 1999 ला, चिनी प्रजासत्ताकाच्या पन्नाशीनिमित्त बीजिंगमध्ये रणगाड्यांचं संचलन झालं. आदल्या संध्याकाळी आम्ही जुन्या गावात, जिथं घर होतं त्या जागी, दिवे लावून आलो होतो.