विमान नसलेली विमानकंपनी

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं घालते. अशी कोणती विमानकंपनी आहे, जिच्याकडे एकही विमान नाही, एकही प्रवासी नाही, तिकीटखिडकीसुद्धा नाही, आणि तरी तिची विमानं वेळापत्रकाप्रमाणे सुटतात?

हरलात ना? सांगते. ती म्हणजे आभासी विमानकंपनी!

संगणकावर विमान चालवण्याचा खेळ तुमच्यापैकी काही जणांनी पाहिला असेल. त्याला 'फ्लाइट सिम्युलेटर' म्हणतात. हा खेळ नवा नाही बरं का! ब्रूस आर्टविक नावाच्या अमेरिकन माणसाने तो घरगुती संगणकावर आणला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नावाने बाजारात आणला. पुढे १९९५मध्ये 'एक्स-प्लेन' आला. १९९७मध्ये 'फ्लाइटगिअर' आला. हा तर जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेला आणि अगदी फुकट मिळणारा!

पण एकट्याने उडायचं म्हणजे काय होतं? आज पॅरिस, उद्या न्यूयॉर्क, परवा मुद्दाम डोंगरावर आपटून बघायचं, आणि तेरवा कंटाळा. म्हणून मग हौशी लोक एकत्र येऊन कंपनी काढतात. मार्ग ठरवतात, वेळापत्रक लावतात, प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतात. जगभर अशा कितीतरी कंपन्या आहेत.

आम्हीही एक काढली. २०२३ सालच्या जूनमध्ये. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या हाताखालून शिकून हायस्कुलात गेलेली आठ मुलं. शाळेतला एक जुना संगणक आणि दोन मुलांच्या घरचे दोन, एवढंच आमचं भांडवल. पहिलं भांडण नावावरून झालं. एकाला खऱ्या कंपनीचं नाव आणि चिन्ह हवं होतं. मी म्हटलं, "अरे, दुसऱ्याचं नाव विचारल्याशिवाय लावू नये." शेवटी आमच्या शिवारातल्या एका पक्ष्याचं नाव ठरलं आणि मुलांनी त्याचं चित्रही काढलं.

पहिला मार्ग ठरला पुणे ते कोल्हापूर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती साताऱ्याजवळून निघून बरोबर कऱ्हाडवरून गेली. म्हणजे वाट चुकायला नको म्हणून खाली कृष्णा-कोयनेचा संगम शोधायचा! अंतर भरलं साधारण ११७ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आमचं विमान 'सेसना १७२', चार जणांचं. त्याचा वेग आम्ही धरला ताशी ११० सागरी मैल. आता करा बघू त्रैराशिक! उत्तर येतं एक तास चार मिनिटं. पण समोरून ताशी २० मैलांचा वारा असेल तर? वेग उरला ९०, आणि वेळ झाली एक तास अठरा मिनिटं. तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल पिणाऱ्या विमानाला ही जादाची चौदा मिनिटं कुठून पुरवायची? म्हणून आमचा पहिला नियम: हिशेबापेक्षा पाऊण तासाचं इंधन जास्त घ्यायचं.

वैमानिकांचे दर्जे मुलांनीच ठरवले. अशा कंपन्यांत चालतं तसंच: जितके तास उड्डाण, तितका वरचा दर्जा. दोन महिन्यांत ज्यांच्या घरी संगणक होता, त्या दोघांचे चाळीस-चाळीस तास झाले. बाकीचे दोन-तीन तासांवरच. आठवीतल्या एका मुलीला तर शनिवारी शाळेतला संगणक मिळायचा तो अर्धा तास, आणि त्यातही वीज गेली की संपलं. एक दिवस तिने विचारलं, "बाई, ज्याच्याकडे संगणक नाही, त्याला आपल्या कंपनीत काहीच काम नाही का?"

प्रश्न खरा होता. त्यावर आमची सभाच भरली. मुलांना मी सांगितलं, की विमान नुसता वैमानिक चालवत नाही. जमिनीवर बसून उड्डाणाची आखणी करणारा एक माणूस असतो. त्याला 'डिस्पॅचर' म्हणतात. वारा, पाऊस, इंधन, मार्ग सगळं तो पाहतो. अमेरिकेत तर मोठ्या कंपन्यांच्या उड्डाणाची जबाबदारी कायद्यानेच वैमानिक आणि डिस्पॅचर या दोघांवर असते. तिथेच ठरलं: आपल्याकडेही डिस्पॅचरच्या सहीशिवाय विमान सुटणार नाही, आणि त्याचे तास वैमानिकाइतकेच मोजायचे. पहिली डिस्पॅचर झाली तीच मुलगी.

या कामाला संगणक लागत नाही. वही, पट्टी आणि विमानतळाचा हवामान अहवाल एवढं पुरतं. तो अहवाल म्हणजे एक गंमतच असते. त्यात '२७०१५' असं लिहिलेलं असलं, तर वारा २७० अंशांवरून, म्हणजे पश्चिमेकडून, ताशी १५ सागरी मैल वेगाने येतो आहे असं समजायचं. पुण्याच्या धावपट्टीच्या एका टोकाला २८ आकडा असतो. म्हणजे साधारण २८० अंशांची, पश्चिमेकडे तोंड केलेली दिशा. वारा समोरून हवा, म्हणून २८वर उतरायचं. पोरीने हे सगळं आठवड्यात तोंडपाठ केलं.

आणि मग ऑगस्टमध्ये ठिणगी पडली. चाळीस तासवाल्या आमच्या मोठ्या वैमानिकाला कोल्हापूरहून पुण्याला जायचं होतं. पुण्याचा अहवाल आला: पाऊस, आणि दिसतंय जेमतेम १५०० मीटर. डोळ्यांनी बघून उडणाऱ्या विमानाला साधारण पाच किलोमीटर तरी स्पष्ट दिसायला हवं. पोरीने सही दिली नाही. तो चिडला. म्हणाला, "विमान खोटं, पाऊस खोटा, मरणार कोण आहे?" ती शांतपणे म्हणाली, "मग माझी सहीपण खोटीच समज. कशाला मागतोस?"

तो उठून गेला तो आठ दिवस आलाच नाही. त्याच्याबरोबर त्याच्या घरचा संगणकही गेला. कंपनी बुडणार असंच सगळ्यांना वाटलं. "बाई, एकदा सही देऊन टाकायला सांगा ना तिला," असंही काही जण म्हणाले. मी सांगितलं नाही.

नवव्या दिवशी तो आला. कुणाशी काही बोलला नाही. नोंदवही उघडली आणि त्या दिवसाच्या रिकाम्या ओळीत लिहिलं, 'उड्डाण रद्द. कारण: हवामान.' खाली स्वतःची सही केली आणि वही तिच्यापुढे सरकवली. तिनेही सही केली. आमच्या वहीत पुढे शेकडो उड्डाणं लिहिली गेली, पण पाहुणे आले की मुलं आधी तेच पान उघडून दाखवतात.

तर दोस्तांनो, तुम्हालाही कंपनी काढायची असेल, तर फार खर्च नाही. चार मित्र, एक संगणक, एक नकाशा आणि दोन वह्या. तेरा वर्षं पूर्ण झाली, की आईबाबांना विचारून 'व्हॅटसिम'वरही जाता येईल. २००१ साली सुरू झालेल्या या जाळ्यात जगभरचे हौशी लोक विनामोबदला हवाई नियंत्रक होऊन बसतात आणि तुमच्या विमानाशी खरोखर बोलतात. तिथे इंग्रजी लागेल, पण ठरावीक वाक्यंच असतात. घाबरू नका.

फक्त एक करा. पहिली नेमणूक वैमानिकाची करू नका. वेळ आली तर 'नाही' म्हणू शकेल, असा डिस्पॅचर आधी शोधा. आणि तुमचं पहिलं उड्डाण कुठून कुठे, ते आम्हाला जरूर कळवा!