मोती आणि गोळी

रात्रीची जेवणे आटोपली, की आमच्या घरात दोघांचे डोळे माझ्या हाताकडे लागतात. मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो की नाही, हे सौभाग्यवती पाहत असते. आणि पोळीचा शेवटचा तुकडा खाली येतो की नाही, हे मोती पाहत असतो. माझे वडील हृदयविकाराने गेले. त्यामुळे पहिल्या पहाऱ्यात कधी कसूर होत नाही. दुसऱ्यात होण्याचा प्रश्नच नाही!

परंतु लाँगलाँगची हकीकत वाचल्यापासून या नित्याच्या प्रसंगातली माझी गंमत गेली आहे. बीगल जातीचे हे पिल्लू २०१७ साली चीनमध्ये जन्मास आले. शास्त्रज्ञांनी प्रथम ॲपल नावाच्या कुत्र्यातील, रक्तातली चरबी दूर करण्यास साहाय्य करणारे जनुक निकामी केले. तो फेरफार पुढच्या पिल्लात तंतोतंत उतरावा म्हणून ॲपलच्याच पेशीपासून ही प्रतिकृती घडविली. हेतू हा, की माणसाच्या रक्तवाहिन्यांचा रोग कुत्र्यात उत्पन्न व्हावा आणि त्यावर औषध शोधता यावे. माझाच रोग तो! सटवाईची लेखणी माणसाने हाती घेतली आणि पिल्लाच्या कपाळी जन्माआधीच दुखणे लिहिले.

ही विद्या सुलभ नव्हे. २००५ साली सेऊल येथे स्नपी हा पहिला प्रतिकृत कुत्रा जन्मला, तेव्हा १,०९५ भ्रूण १२३ माद्यांच्या उदरी ठेवावे लागले. पिल्ले जन्मली दोन; जगले एक.

हा सारा अधर्म आहे, असे म्हणावयास मी तोंड उघडतो, तोच हातातली गोळी आडवी येते. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ साली बुरशीत या गोळ्यांचे मूळ द्रव्य सापडले. उंदरांवर त्याचा गुण दिसेना. कोंबड्यांवर दिसला, आणि पुढे कुत्र्यांवर. माझ्या आयुष्याच्या वाढीव वर्षांत त्या अनाम कुत्र्यांचाही वाटा आहे.

प्रयोगासाठी बीगल निवडतात, ते लहानखुरे आणि स्वभावाने गरीब म्हणून. माणसावर विश्वास टाकण्याच्या ज्या गुणामुळे मोती आमच्या घरात आला, तोच गुण त्याच्या भाईबंदांना प्रयोगशाळेत नेतो. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला. मला एक गोळी नाकारवत नाही.

काल रात्रीही मी ती मुकाट्याने घेतली, आणि मोतीला अर्धी पोळी घातली. सौभाग्यवतीने नवलाने माझ्याकडे पाहिले. मोतीने मात्र नेहमीसारखीच शेपटी हलविली.