पिट्लॉक्रीची मत्स्यसोपाने

गेल्या आषाढात स्कॉटलंडास चिरंजीवांकडे गेलो असता आम्ही पिट्लॉक्री हे गाव पाहिले. तेथे टमेल नदीवर विजेसाठी १९५१ साली पुरे झालेले धरण आहे. सॅमन मासा नदीत जन्मतो, सागरात पोसला जातो व अंडी घालण्यास पुनरपि जन्मनदीकडेच परततो. त्याची वाट अडू नये म्हणून धरणाच्या कडेने ३४ कुंडांची, ३१० मीटर लांबीची सोपानपंक्ती बांधली आहे. मनूच्या ओंजळीतील मासा आजवर शिकविला. त्याच्यासाठी जिना प्रथमच पाहिला!

टमेल ज्या टे नदीस मिळते, तिच्यात १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन या स्त्रीने ६४ पौंडांचा सॅमन गळाने धरला. तो ब्रिटनमधील विक्रम अद्याप अबाधित आहे. पुढे मासाच घटला. २०१६ पासून तेथील सरकार नद्यांची प्रतवारी ठरविते. कनिष्ठ प्रतीच्या नदीत धरलेला सॅमन जिवंत सोडावाच लागतो. तथापि २०२३ साली ब्रिटनमधील सॅमन संकटग्रस्त ठरला. कारण सागरात गेलेली पिले पूर्वीइतकी परतत नाहीत, आणि सागरास सोपान कोठून बांधावा?

आम्ही (शाकाहारी असूनही!) तासभर कुंडांशी उभे होतो. पाणी खळाळत होते. मासा मात्र दिसला नाही. नातू म्हणाला, “आजोबा, अजून थोडे थांबू या.” आम्ही थांबलो.